उघडून पाहावं लागत नाही ते फंक्शन

आयटीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, नव्या प्रोजेक्टवर गेल्यावर पहिले काही आठवडे काय केलं? कोड लिहिला, असं फार थोडे सांगतील. बाकीचे म्हणतील, केटी घेतली आणि जुना कोड वाचला. केटी म्हणजे जाणाऱ्याने येणाऱ्याला काम समजावून देणं. नोटीस पिरियडवरचा माणूस स्क्रीन शेअर करून एकेक फाइल दाखवत जातो, मध्येच सहा-सातशे ओळींच्या एखाद्या फंक्शनपाशी थबकतो, ‘‘हे चालतंय, याला हात नका लावू,’’ म्हणतो आणि पुढची फाइल उघडतो. असलं फंक्शन कुणी ठरवून लिहीत नाही. दर रिलीजला दोन-चार ओळींची भर पडत पडत ते तसं होतं, आणि प्रत्येक भर घालणाऱ्याला त्या दिवशी तेवढंच सोयीचं वाटलेलं असतं.

फंक्शन म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा. त्याला कामासाठी जी माहिती द्यायची ते पॅरामीटर. काम झालं की ते उत्तर परत करतं. प्रोग्रॅममध्ये ते काम जिथे लागेल तिथे नाव घेऊन त्याला बोलवायचं. ही सोय संगणकाच्या बालपणापासूनची आहे. केंब्रिज विद्यापीठातला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. पुन्हा पुन्हा लागणारी कामं दर वेळी नव्याने लिहायला नकोत म्हणून मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी तिथे अशा तुकड्यांचा संग्रहच केला. छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर एकेक काम वेगळं ठेवलेलं असे. तुकड्याचं काम संपल्यावर मूळ प्रोग्रॅममध्ये नेमक्या जागी परत कसं यायचं, याची युक्ती व्हीलर यांनी काढली. १९५१ साली तिघांनी मिळून या पद्धतीवर पुस्तक लिहिलं.

त्या वेळी मेमरी तुटपुंजी होती, तेव्हा तेच ते पुन्हा लिहायचं नाही हा हेतू समजण्यासारखा होता. पण आजही बऱ्याच कॉलेजांत फंक्शनची ओळख तेवढ्यावरच थांबते: जे दोनदा लागतं त्याचं फंक्शन करा. हे अर्धंच झालं. प्रोग्रॅममध्ये एकदाच लागणाऱ्या कामाचंही फंक्शन करावं, कारण फंक्शन केलं की त्या कामाला नाव मिळतं आणि वाचणाऱ्याला आतल्या वीस ओळींऐवजी एक ओळ वाचून पुढे सरकता येतं. चांगल्या फंक्शनची माझ्या लेखी एकच कसोटी आहे. त्याचं नाव आणि पॅरामीटर पाहून, आत न बघता, पुढे जाता येतं का? ओळी किती, कॉमेंट किती, कंस कुठे, हे सगळं त्यानंतरचं.

एसटीच्या तिकिटाचं उदाहरण घेऊ. एसटीच्या मशीनमधला खरा कोड कसा आहे याच्याशी याचा संबंध नाही. नियम मात्र खरे आहेत. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं तिकीट. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना ५० टक्के सवलत. इतरही सवलती आहेत, त्या तूर्त बाजूला ठेवू.

शिकाऊ मुलगा याचं एकच फंक्शन लिहितो आणि त्याला ‘तिकीट’ असं नाव देतो. ते वय विचारतं, अंतर विचारतं, टप्पे काढतं, सवलत ठरवतं, भाडं काढतं, तिकीट छापतं आणि जाता जाता दिवसाच्या गल्ल्यात रक्कमही मिळवतं. प्रोग्रॅम चालतो, मार्क मिळतात. आता त्यात ७५ वर्षांच्या आजोबांना पैसे लागत नाहीत ना, एवढंच तपासायचं म्हटलं, तरी कीबोर्डवर बसून वय टाका, अंतर टाका, तिकीट छापा, गल्ल्याचा आकडा बघा, अशी सगळी वरात काढावी लागते. एका आकड्यासाठी!

तेच काम तोडून लिहिलं तर सवलतीचा भाग खाली दिलाय एवढाच उरतो. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ३.० या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, फंक्शनची नावं देवनागरीतही देता येतात. भाषेचे स्वतःचे शब्द मात्र इंग्रजीच राहतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी तेही मराठीत मांडतो.

फंक्शन सवलत_टक्के(वय, महिला_आहे_का):
    जर वय ५ पेक्षा कमी: परत १००
    जर वय ७५ किंवा जास्त: परत १००
    जर वय ६५ किंवा जास्त: परत ५०
    जर वय १२ पेक्षा कमी: परत ५०
    जर महिला_आहे_का: परत ५०
    परत ०

यात विशेष काही नाही, आणि तेच त्याचं बलस्थान आहे. हे फंक्शन कीबोर्डला विचारत नाही, प्रिंटरला हात लावत नाही, गल्ल्याकडे बघत नाही. वय आणि एक हो-नाही आत गेलं की एक आकडा बाहेर येतो. तीच माहिती दिली की तोच आकडा, आज काय आणि उद्या काय. त्यामुळे ४, ५, ११, १२, ६४, ६५, ७४ आणि ७५ ही काठावरची वयं क्षणात तपासून होतात. चुका जवळजवळ नेहमी काठावरच असतात. ‘७५ किंवा जास्त’ आणि ‘७५ पेक्षा जास्त’ यांत एका वर्षाचा फरक आहे, आणि त्या एका वर्षासाठी कंडक्टरशी होणारा वाद तुम्ही-आम्ही पाहिलेला आहे.

अटींचा क्रमही बघा. ६५ ची ओळ ७५ च्या वर गेली तर ऐंशी वर्षांच्या आजी तिथेच अडकतील आणि त्यांना अर्ध्या तिकिटाचे पैसे पडतील. ही चूक या सहा ओळींत लगेच दिसते. तीच अट ‘जर’च्या आत ‘जर’, त्याच्या आत ‘नाहीतर’ अशा पाच पातळ्यांच्या जिन्यात बसवली असती, तर ती शोधायला अर्धा दिवस गेला असता. ज्यांचं उत्तर लगेच ठरतं त्यांना वरच्या वर निरोप द्यावा आणि उरलेल्यांसाठी खाली वाचत जावं. कोड डावीकडेच राहतो आणि वाचणाऱ्याला मागच्या अटी डोक्यात धरून ठेवाव्या लागत नाहीत.

तोडण्याची जागा कुठली, हा खरा प्रश्न. टप्पे काढणं वेगळं, सवलत वेगळी, छपाई वेगळी, हे मी कशावरून ठरवलं? या प्रश्नाचं सर्वांत उपयोगी उत्तर डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच एका शोधनिबंधात दिलेलं आहे. काम कोणत्या क्रमाने होतं ते बघून तुकडे पाडू नका, जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे ते एकेका तुकड्यात बंद करा, असं त्यांचं सांगणं. एसटीच्या सवलती २०२२ मध्ये बदलल्या, २०२३ मध्ये पुन्हा बदलल्या. टप्प्याचं अंतर, तिकिटाचा कागद, गल्ल्याचा हिशोब यांचा त्या बदलांशी काही संबंध नव्हता. सवलत वेगळ्या फंक्शनमध्ये असेल तर सरकारी निर्णय आला की एक ओळ वाढते. ‘तिकीट’ नावाच्या त्या भल्यामोठ्या फंक्शनमध्ये तीच ओळ घालताना छपाई बिघडणार नाही ना, याची धाकधूक असते.

आता नावाकडे येऊ. नाव चुकलं की फंक्शन उघडावंच लागतं, आणि नाव अर्धवट असलं तर त्याहून वाईट, कारण मग ते उघडायचंही सुचत नाही. समजा, जमिनीच्या नोंदींच्या प्रोग्रॅममध्ये ‘क्षेत्र(गट_नंबर)’ असं फंक्शन आहे आणि ते ४० परत करतं. चाळीस काय? सातबाऱ्यावर शेतजमीन हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेली असते, गावात बोलणं मात्र एकर-गुंठ्यांत. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोन्हींत जेमतेम सव्वा टक्क्याचा फरक. एकाने आर परत केले आणि दुसऱ्याने ते गुंठे समजून पुढे हिशोब केला, तर आकडा डोळ्याला खटकणारच नाही. शंभरपट चुकलेला आकडा कुणीही पकडतो. सव्वा टक्क्याची चूक मोजणीच्या दिवशी बांधावर कळते. ‘क्षेत्र_आर’ एवढं नाव असतं तरी हा घोटाळा टळला असता.

नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर यानाचं असंच झालं. इंजिनांच्या छोट्या धक्क्यांचा आवेग पृथ्वीवरचं एक सॉफ्टवेअर पौंड-सेकंदांत देत होतं आणि पुढचं सॉफ्टवेअर तो न्यूटन-सेकंदांत आहे असं धरून चाललं होतं. फरक सुमारे साडेचार पटीचा. मार्ग हळूहळू चुकत गेला आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या फार जवळून जाऊन नष्ट झालं. एवढ्या मोठ्या अपघाताचं खापर एका नावावर फोडणं बरोबर नाही, तपासणीच्या इतरही कड्या तिथे तुटल्या होत्या. पण आकड्यासोबत एकक न लिहिण्याची सवय किती महाग पडू शकते, ते यावरून कळावं.

पॅरामीटरचीही तीच गत. ‘भाडं(२४, खरं, खोटं, खरं)’ ही ओळ वाचून काय कळतं? दुसरं ‘खरं’ म्हणजे महिला, की परतीचं तिकीट, की वातानुकूलित गाडी? लिहिणाऱ्याला त्या दिवशी पाठ असतं, पुढच्या महिन्यात त्यालाच फंक्शन उघडावं लागतं. पीएचपी या भाषेत तर याची कायमची डोकेदुखी आहे: मजकुरात शब्द शोधणाऱ्या ‘स्ट्रपॉस’ला आधी मजकूर आणि मग शब्द द्यायचा, यादीत वस्तू शोधणाऱ्या ‘इन_अ‍ॅरे’ला आधी वस्तू आणि मग यादी. वर्षानुवर्षं पीएचपी लिहिणारेही मॅन्युअल उघडून बघतात. पायथॉनने यावर चांगला तोडगा काढला. फंक्शनला माहिती देताना तिचं नाव लिहायला भाग पाडता येतं, म्हणजे ‘भाडं(किमी=२४, महिला_आहे_का=खरं)’ असंच बोलवावं लागतं. चार बोटं जास्त चालवावी लागली तर लागली. आणि हो-नाहीचे तीन-तीन पॅरामीटर लागत असतील, तर एकाच फंक्शनमध्ये दोन-तीन फंक्शनं कोंबली आहेत हे समजून जावं.

तिसरी गोष्ट छुप्या कामांची. फंक्शनला काही विचारलं तर त्याने उत्तर द्यावं, काही करायला सांगितलं तर ते करावं. विचारलं असताना गुपचूप काहीतरी बदलू नये. आयफेल या भाषेचे कर्ते बर्ट्रांड मायर यांनी हा नियम मांडला आणि पायथॉनमध्ये त्याचं सुरेख उदाहरण सापडतं. यादी क्रमाने लावायला तिथे दोन फंक्शनं आहेत. ‘सॉर्ट’ मूळ यादीच बदलतं आणि काहीही परत करत नाही. ‘सॉर्टेड’ मूळ यादीला धक्का लावत नाही, क्रमाने लावलेली नवी यादी देतं. नवशिके ‘सॉर्ट’चं उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवायला जातात आणि हाती काहीच लागत नाही. वैताग येतो, पण गडबड तिथल्या तिथे कळते. जावास्क्रिप्टचं ‘सॉर्ट’ मात्र मूळ यादी बदलतं आणि वर तीच यादी परतही करतं. वाचणाऱ्याला वाटतं नवी यादी मिळाली. मूळ यादीचा क्रम बदलल्याचा पत्ता दुसऱ्याच कोपऱ्यात लागतो. मूळ यादी शाबूत ठेवणारं ‘टू-सॉर्टेड’ तिथे यायला २०२३ साल उजाडलं.

वाचायला अवघड फंक्शन किती धोकादायक ठरतं याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण ॲपलचं आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये आयफोनच्या सुरक्षा-कोडमध्ये एक भोक सापडलं. आपण बँकेची साइट उघडतो तेव्हा समोरचा सर्व्हर खरंच बँकेचाच आहे का, याची सही तपासणारं ते फंक्शन. सी भाषेत लिहिलेलं. त्यात ओळीने अनेक पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीची रचना एकच: हे कर, चूक आली तर ‘फेल’ या खुणेपाशी उडी मार. मजकुराचा ठसा काढणाऱ्या एमडी५ या पद्धतीसाठी एकदा आणि एसएचए-१ साठी पुन्हा, अशी जवळजवळ तीच ओळ परत परत येत होती. त्या गर्दीत एका ठिकाणी उडीची ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा पडली.

पहिली उडी अटीखाली होती. दुसरी दिसायला तिच्याच खाली, तेवढीच आत सरकवलेली. पण कंस नसल्यामुळे ती अटीत नव्हती. म्हणजे चूक असो वा नसो, उडी मारलीच जायची आणि शेवटची, खरी सही पडताळणारी पायरी कधी चालायचीच नाही. गंमत त्या खुणेच्या नावात आहे. ‘फेल’पाशी फक्त अपयशी झालेलेच पोचतात असं नावावरून वाटतं, प्रत्यक्षात सगळं सुरळीत पार पडलं तरी फंक्शन तिथूनच बाहेर पडत होतं. तिथे पोचताना चूक दाखवणारा आकडा शून्य होता आणि शून्याचा अर्थ ‘सगळं ठीक’. एकाच वायफायवर बसलेल्या भामट्याला त्यामुळे आपणच बँक आहोत असं भासवणं शक्य झालं होतं. ॲपलने २१ फेब्रुवारीला आयफोनसाठी दुरुस्ती पाठवली.

कंस घातले असते तर हे झालं नसतं, असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं, आणि ते खरंच आहे. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुनरावृत्ती. डोळ्यांना तीच ओळ आठ-दहा वेळा दिसली की मेंदू ती वाचणं सोडून देतो, मग नववीच्या जागी काय आहे ते दिसतच नाही. त्या साऱ्या पायऱ्या एका छोट्या फंक्शनमध्ये गेल्या असत्या आणि इथे त्याचं फक्त नाव उरलं असतं, तर जादाची एक ओळ लपायला जागाच नव्हती.

मग फंक्शन किती लहान असावं? यावर प्रोग्रॅमर मंडळी चहाच्या टपरीवर तासभर भांडू शकतात. रॉबर्ट मार्टिन यांच्या २००८ मधल्या ‘क्लीन कोड’ या पुस्तकाने एक पिढी घडवली. फंक्शन लहान हवं, आणि लहान म्हटलं त्याहूनही लहान हवं, अशी त्यांची शिकवण. त्याचा अतिरेकही खूप झाला. तीन-तीन ओळींची चाळीस फंक्शनं, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक ओळ कळते आणि एकूण काय चाललंय ते कळत नाही. स्टॅनफर्डचे जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१८ च्या पुस्तकात नेमकं यावर बोट ठेवलं. एक समजायला दुसरं उघडावंच लागत असेल तर ती दोन फंक्शनं उगाच वेगळी केली आहेत, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या बाजूचा आहे. लिनक्स कर्नलची जुनी शैलीपुस्तिकाही समंजस आहे: फंक्शन ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच अशा स्क्रीनवर एक-दोन स्क्रीनमध्ये मावावं, आतली व्हेरिएबलं पाच-दहाच्या वर जाऊ नयेत, मात्र एकापाठोपाठ एक सरळ पर्यायांची साधी यादी असेल तर लांबी चालते. गुंतागुंत जितकी जास्त तितकी लांबी कमी. सवलतीच्या सहा ओळींच्या उद्या सोळा झाल्या तरी मी त्या तोडणार नाही.

कॉमेंटबद्दल थोडक्यात. ‘वय ७५ किंवा जास्त’ या ओळीवर ‘येथे वय ७५ आहे का ते तपासतो’ असं लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ खाणं. ‘२०२२ च्या निर्णयानुसार मोफत, फक्त राज्याच्या हद्दीत’ ही मात्र सोन्यासारखी कॉमेंट, कारण ती गोष्ट कोडमध्ये कुठेच दिसत नाही.

हल्ली कोड लिहून द्यायला एआय आहे, मग एवढी उठाठेव कशाला, असा प्रश्न येतो. एआय तासाभरात हजार ओळी देतं. त्या प्रॉडक्शनवर चढवायच्या की नाही हे वाचून ठरवणारा माणूस तोच, त्याचा दिवसही तेवढाच. लिहिणं स्वस्त झालं, वाचणं महागच राहिलं. एआयने दिलेलं फंक्शनही याच कसोटीवर घासून बघावं आणि नावावरून काम कळत नसेल तर बिनदिक्कत परत पाठवावं.

जुनं फंक्शन सुधारायला घ्याल तेव्हा मात्र घाई नको. आधी ते आज जे उत्तर देतं त्याच्या टेस्ट लिहा, चुकीच्या वाटणाऱ्या उत्तरांच्यासुद्धा. कुणाचा तरी रिपोर्ट त्याच चुकीवर उभा असतो. मग एका वेळी एकच तुकडा बाहेर काढा, त्याला नाव द्या, टेस्ट चालवा, कमिट करा, म्हणजे बदल नोंदवून ठेवा. नाव देताना ‘आणि’ घालावा लागला तर तुकडा अजून मोठा आहे. आणि बग सापडला, जो हमखास सापडतो, तर तो त्याच कमिटमध्ये दुरुस्त करू नका, वेगळ्या कमिटमध्ये करा. नाहीतर रिव्ह्यू करणाऱ्याला कोणती ओळ नुसती हलली आणि कोणती बदलली, हे सांगता येणार नाही.